वेटसूट घेऊन गोव्याला: बॅग भरण्यापासून सूट वाळवण्यापर्यंत, आणि ल्युब्रिकंट नसेल तर काय लावायचं

ऑक्टोबरात डाइव्हिंगचा (पाण्याखाली बुडी मारण्याचा) मोसम सुरू झाला की ग्रँड आयलंड बेटाकडे जाणाऱ्या बोटींवर त्याच त्या चुका पुन्हा दिसायला लागतात. कुणी पायाला व्हॅसलीन थापतं. कुणी खोलीवरच गळ्यापर्यंत वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी फोमचा घट्ट सूट, चढवून येतं आणि बोट सुटायच्या आत घामाघूम होऊन मळमळायला लागतं. कुणी ओला सूट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून रात्रीची बस पकडतं, आणि घरी जाऊन पिशवी उघडली की नाक धरावं लागतं.

यातल्या बऱ्याच त्रासाच्या मुळाशी एक घोळ आहे. ल्युब्रिकंटची कामं दोन: सूट अंगावर सरकवणं आणि पाण्यात असताना कातडी सोलवटू न देणं. सरकवायला पातळ, बुळबुळीत आणि पाण्याने धुऊन जाणारं काहीतरी लागतं. कातडी वाचवायला जाड आणि पाण्यात टिकून राहणारं लागतं. एकाच डबीत दोन्ही भागवायला गेलं की एकही काम नीट होत नाही. हे ध्यानात ठेवून पुढचे टप्पे वाचा, म्हणजे बाटली घरी विसरली तरी अडणार नाही.

## टप्पा १: सूट न्यायचा का, हे आधी ठरवा

गोव्याचं पाणी गरम आहे. मोसमात ते साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. म्हणजे इथे सूट घालायचा तो मुख्यतः थंडीसाठी नव्हे. खडकांवरच्या धारदार शिंपल्यांनी ओरखडे येतात, जेलिफिश चाटून जाते, उन्हाने पाठ भाजते, यासाठी. दोन-तीन डाइव्ह लागोपाठ असतील तर शेवटच्या डाइव्हला अंगात गारठा भरतो, तेव्हा ३ मिलिमीटरचा सूट बरा वाटतो. ५ मिलिमीटरचा सूट इथे नुसतं ओझं आहे.

किनाऱ्यालगत पोहायचं असेल किंवा अश्वे, मोरजीला सर्फिंग शिकायचं असेल तर लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा पातळ, अंगाला बसणारा सदरा) पुरतो. मिरामारला होणाऱ्या आयर्नमन ७०.३ या ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं यांची शर्यत) येणाऱ्यांनी तर सूट घरीच ठेवावा. वयोगटातल्या स्पर्धकांसाठी वेटसूटची मर्यादा २४.५ अंश आहे आणि इथलं पाणी त्याच्या बरंच वर असतं. उलट इथून थंड पाण्यातल्या शर्यतीसाठी परदेशी जाणाऱ्या गोवेकरांना सूटही लागतो आणि ल्युब्रिकंटही. त्यांच्यासाठी चौथा आणि पाचवा टप्पा नीट वाचण्यासारखा आहे.

तपासा: डाइव्ह करवणारी मंडळी सूट देणार आहेत का, तुमच्या मापाचा आहे का, हे फोनवर विचारून घ्या. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असतात, तेव्हा सूट आणण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: आपल्या सूटचं अस्तर ओळखा

काय लावायचं हे सूटच्या आतल्या बाजूवरून ठरतं. सूट उलटा करून हात फिरवा.

कापडाचं अस्तर लागलं, तर तो नेहमीचा डाइव्हिंगचा किंवा सर्फिंगचा सूट. याला बहुतेक वेळा साधं पाणी पुरतं.

आत उघडा फोम लागला, बोट चिकटून अडकतं असं वाटलं, तर तो फ्रीडायव्हिंगचा (सिलिंडरशिवाय, श्वास रोखून बुडी मारण्याचा) उघड्या पेशींचा सूट. हा कोरडा कधीच चढत नाही. ओढाल तर आतला फोम फाटेल. याला बुळबुळीत द्रावण लागतंच, तिथे कंजुषी नको.

आत कापड आणि बाहेर गुळगुळीत रबरी पृष्ठभाग असेल, तर तो ट्रायथलॉनचा सूट. हा नखाने सहज फाटतो. शिवाय पोहताना मान सतत वळत असल्यामुळे मानेवर सर्वात जास्त सोलवटणारा सूट हाच.

## टप्पा ३: निघण्याआधी घरी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. मग बोटीवर कळतं की गेल्या वर्षी बसणारा सूट आता छातीशी आवळतोय.

सूट घरी एकदा पूर्ण घालून पाहा. चेन बंद करा, उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, पोट फुगवून मोठा श्वास घ्या. श्वास अडत असेल किंवा गळपट्ट्याने डोकं हलकं वाटत असेल, तर तो सूट नेऊ नका. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर सतत दाब पडला तर चक्कर येते, नाडी मंदावते. पाण्यात हे धोक्याचं आहे. रबर ताणेल, पाण्यात सैल होईल, या आशेवर राहू नका.

नखं कापा. पुरुषांनी मानेची दाढी आदल्या दिवशी करावी. त्याच सकाळी केली तर ताज्या कातडीवर मीठ झोंबतं, आणि दोन दिवस राहू दिली तर खुंट गळपट्ट्याला घासतात.

जे काही लावणार असाल ते आदल्या रात्री कोपराच्या आतल्या बाजूला लावून झोपा. सकाळी खाज, लाली, पुरळ नसेल तरच सोबत घ्या. सुगंधी कंडिशनर केसांना चालतो म्हणून सूटखाली घट्ट दाबलेल्या कातडीला चालेलच असं नाही.

इशारा: अंगठी, मंगळसूत्र, जानवं, मनगटावरचे गंडेदोरे सूटखाली ठेवू नका. मणी आणि गाठी दाबल्या जाऊन वळ उठतात, सूटचं अस्तर उसवतं, ते वेगळंच. पदकाची किंवा ताईताची कड तर फोमला आतून कापते. निघतानाच एका छोट्या झिपच्या पिशवीत घालून खोलीवरच्या बॅगेत ठेवून द्या.

## टप्पा ४: बॅग भरणं

सूट घडी करून कपड्यांखाली दाबू नका. निओप्रीनला (सूट ज्याचा बनतो तो रबरी फोम) एकाच ठिकाणी घडी पडून राहिली की तिथला फोम चेपतो आणि ती रेघ पुन्हा भरून येत नाही. सूट पसरा, हात आतल्या बाजूला घ्या, पायांकडून सैल वळकटी करा. वळकटीच्या आत जाडसा टॉवेल ठेवला तर वाकही येत नाही आणि टॉवेलची जागाही वाचते.

विमानाने येत असाल तर देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान मिळतं. कोरडा ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट दीड किलोच्या आसपास भरतो. येताना तो कोरडा असतो, जाताना ओला असतो आणि सोबत काजूची पाकिटं असतात. वजन जातानाचं धरा.

ल्युब्रिकंट द्रव किंवा जेल असेल तर सरळ चेक-इनमध्ये टाका. आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिन बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. ती अर्धी रिकामी असली तरी नाही, कारण माप बाटलीचं धरतात. स्प्रेचा डबा दाबाखालचा असतो, तो केबिनमध्ये अडवला जाईल असंच धरून चला. काडीच्या स्वरूपातला घट्ट बाम मात्र द्रवात मोजत नाहीत, म्हणून प्रवासाला तो सर्वात सोयीचा. चाकू चेक-इनमध्ये, टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये. हे उलटं केलं तर दोन्हीकडे अडाल.

दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांमध्ये बरंच अंतर आहे. डाइव्हची बोट वास्कोच्या बायण्याहून सुटणार असेल तर दाबोळी जवळ, उत्तरेला पेडणे-म्हापशाकडे उतरायचं असेल तर मोपा. तिकीट काढण्याआधी बोटीची जागा विचारा.

रेल्वेने येत असाल तर डब्यातल्या हुकाला सूट खांद्याने टांगू नका. रात्रभर हिसके बसून खांद्याची शिवण ताणते. वळकटी बर्थवर उशाशी ठेवली तर उत्तम. बसने येत असाल तर डिकीत ठेवू नका. इंजिनाची धग आणि कुणाच्या तरी डब्यातून गळणारं तेल, दोन्ही सूटला वाईट.

तपासा: बॅगेत एक रुंद खांद्यांचा जाड हँगर, एक जाड पिशवी ओल्या सूटसाठी, एक पातळ गुळगुळीत पिशवी (कशाला ते पुढे येतं) आणि झिपच्या दोन छोट्या पिशव्या असल्या पाहिजेत.

## टप्पा ५: ल्युब्रिकंट नसेल तर काय

वेटसूटसाठीचं खास ल्युब्रिकंट गोव्यात प्रत्येक गावात मिळत नाही, आणि सकाळी बोटीची वेळ झालेली असताना शोधायला फिरणं शक्यही नसतं. आदल्या संध्याकाळी जवळच्या मेडिकलमध्ये किंवा किराणा दुकानात जाऊन या. जे मिळेल ते पुढच्या क्रमाने निवडा.

### सरकवण्यासाठी

पाणी. पहिला पर्याय हाच, आणि सर्वात दुर्लक्षित. कापडी अस्तराचा सूट पूर्ण भिजवा, अंगही पूर्ण भिजवा. अर्धवट ओलं अंग हीच सर्वात वाईट अवस्था असते. गोव्याच्या दमट हवेत घामेजलेली पोटरी निओप्रीनला अशी धरते की सूट जागचा हलत नाही. एक तर टॉवेलने खरोखर कोरडे व्हा, नाहीतर बादलीभर पाणी ओतून घ्या.

पातळ पिशवी. ब्रेडची पिशवी असते तसली, शिवण नसलेली. पाऊल तिच्यात घाला, पिशवीचं तोंड घोट्याच्या वर धरा आणि पाय सूटमध्ये सारा. टाच ही एरवीची अडण्याची जागा, ती पिशवीमुळे चट्‌कन निसटते. पाऊल बाहेर आलं की पिशवीचं टोक धरून ती खालून ओढून काढा, दुसऱ्या पायाला वापरा, मग दोन्ही हातांना. अंगाला काही लागत नाही, धुवावं लागत नाही, ॲलर्जीचा प्रश्न नाही. मला विचाराल तर निम्म्या लोकांना याउपर काही लागूच नये. फक्त ती पिशवी बोटीवर वाऱ्याने उडून समुद्रात जाणार नाही एवढं पाहा. काम झालं की सूटच्याच पिशवीत खोचा.

केसांचा कंडिशनर, पाणी घालून. उघड्या फोमच्या सूटसाठी सर्वात चालणारा पर्याय. एक भाग कंडिशनर, आठ ते दहा भाग पाणी, बाटलीत घालून जोरात हलवा. पाणी कोमट असेल तर लवकर मिसळतं. कुठल्याही गावच्या दुकानात माळेत लटकणाऱ्या पुड्या मिळतात, दोन-तीन पुड्यांत एक सूट होतो. प्रवासाला पुड्यांसारखं सोपं काही नाही, गळायची भीती कमी आणि वजन नगण्य. न मिसळता नुसता थापला तर मात्र गोळे होऊन अस्तरात अडकतात. शाम्पू आणि कंडिशनर वेगळे असतात, पुडीवरचं नाव वाचून घ्या. गडबडीत हातात शाम्पूच येतो.

लहान मुलांचा शाम्पू. कंडिशनर नसेल तर हा, असाच पातळ करून. तो डोळ्यांना कमी झोंबतो. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू नको.

सोनोग्राफीचं जेल. शस्त्रक्रियेचं सामान ठेवणाऱ्या मेडिकलमध्ये हे मोठ्या बाटलीत स्वस्त मिळतं. पाण्यावर आधारित असतं, वास नसतो, कातडीला सहसा त्रास देत नाही, कारण ते कातडीवर लावायलाच बनलेलं आहे. असली जेलं मिठाशी गाठ पडली की पातळ होतात. घाम आणि समुद्राचं पाणी दोन्ही खारं, म्हणून हे आधीच लावून बसू नका. लावा आणि लगेच सूट ओढा. हाच गुण पुढे उपयोगी पडतो, समुद्रात ते आपोआप धुऊन जातं. मेडिकलमध्ये मिळणारी केवाय जेलीसारखी पाण्यावर आधारित जेलंही याच जातीची. मागताना संकोच करू नका. वेष्टनावर ‘पाण्यावर आधारित’ असं लिहिलंय ना, एवढंच बघा. सिलिकोनची नको, ती धुताना जात नाहीत.

कोरफड. बाटलीतलं जेल तात्पुरतं चालतं, पण सुकायला लागलं की चिकट होतं. अंगणातली ताजी कोरफड वापरणार असाल तर पात कापून उभी ठेवा आणि सालीलगतचा पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. त्याने कातडीला खाज सुटते. फक्त आतला पारदर्शक गर घ्या. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस केसांना लावतात, तो सूटला नको. कितीही गाळला तरी पानांचे कण अस्तरात राहतात आणि तिथेच कुजतात.

### कातडी वाचवण्यासाठी

ही गरज फक्त काही जागांपुरती असते: मानेचा मागचा आणि बाजूचा भाग, काखेची कड, गुडघ्यामागची खळगी. अंगभर काही लावायचं नाही.

सर्वात चांगला उपाय म्हणजे कापड. सूटखाली पातळ, अंगाला घट्ट बसणारा लायक्राचा रॅश गार्ड घातला की काखेचा प्रश्न बहुतेक मिटतो, आणि सूट चढायलाही सोपा जातो. सुती बनियन नको, ते गोळा होऊन आणखी घासतं. स्त्रियांनी मानेमागे गाठ मारायचा पोहण्याचा पोशाख टाळावा. ती गाठ नेमकी गळपट्ट्याखाली येते.

मानेसाठी खेळाडू वापरतात तसा काडीतला घट्ट बाम मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला, तर मेडिकलमध्ये स्तनपान करणाऱ्या आयांसाठी शुद्ध लॅनोलिनचं मलम मिळतं, ते मटारच्या दाण्याएवढं घेऊन फक्त कातडीवर चोळा. लॅनोलिन जाड असतं, पाण्याने सहज जात नाही, म्हणून मानेला ते टिकतं. ते सूटच्या काठावर चोपडायचं नाही. लोकरीची ॲलर्जी असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

### हे वापरू नका

व्हॅसलीन आणि कुठलीही पेट्रोलियम जेली. बहुतेक उत्पादक पेट्रोलियमपासून बनलेले पदार्थ निओप्रीनपासून लांब ठेवायला सांगतात. सूटच्या शिवणी गोंदाने जोडलेल्या असतात. तेलकट थर तिथे मुरत राहतो, साध्या धुण्याने निघत नाही, आणि कालांतराने जोड कमकुवत होतात. भाड्याच्या सूटला व्हॅसलीन लावलं तर पुढच्या माणसाच्या अंगालाही ते लागतं.

खोबरेल तेल. इथे प्रत्येक घरात आहे, म्हणून मोह होतो. पेट्रोलियमइतकं ते रबराचं शत्रू नसलं तरी अस्तरात मुरतं, काही दिवसांत खवट वास सुटतो, आणि वाळत घातलेल्या सूटला मुंग्या लागतात. शिवाय तेलकट हात मास्कच्या काचेला लागला की काच पुसता पुसत नाही. बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो. त्याच्या झडपेजवळ तेलाचे हात नेणं आगीला निमंत्रण आहे, हे तर कधीच विसरू नका.

टाल्कम पावडर. कोरड्या हवेत ठीक. गोव्यात दोन मिनिटांत तिचा लगदा होतो.

भांड्यांचा साबण. कातडी कोरडी पाडतो, डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो, आणि बोटीच्या फळीवर सांडला तर पुढचा माणूस घसरून पडतो.

इशारा: सूट भाड्याचा असेल तर काहीही लावण्याआधी विचारा. आणि जे काही लावाल ते किनाऱ्यावर किंवा बोटीवर सूटच्या आत, मोजकंच. ग्रँड आयलंडच्या आसपास प्रवाळ आहे, तिथे फेसाचा माग सोडत जाऊ नका.

## टप्पा ६: बोटीवर सूट चढवण्याचा क्रम

१. बोट सुटेपर्यंत सूट बॅगेत, सावलीत. खोलीवरून घालून येऊ नका. निओप्रीन अंगातली उष्णता आत कोंडतं. एप्रिल-मेच्या उन्हात अर्धा तास गळाबंद सूटमध्ये बसलात तर डाइव्हच्या आधीच अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि त्यात बोट लागली तर मग पाण्यात उतरण्यासारखी स्थिती राहत नाही. पाणी घोट घोट पीत राहा.

२. सनस्क्रीन लावायचं तर चेहरा, कान, हातापायाचे उघडे भाग एवढ्यालाच, आणि सूटला हात लावण्याच्या बरंच आधी.

३. बसून घाला. हलत्या बोटीवर एका पायावर उभं राहून सूट ओढणारा माणूस पडतोच. आधी मानेचं मलम लावून घ्या आणि हात स्वच्छ पुसा, म्हणजे ते इतरत्र लागत नाही.

४. चेन पूर्ण उघडा. सूट कमरेपर्यंत उलटा करून ठेवा. चेन कुठल्या बाजूला येते ते पाहा. डाइव्हिंगच्या बहुतेक सूटची चेन पाठीवर असते. पोटाकडे घेऊन घातली तर सगळं उपसून पुन्हा सुरुवात करावी लागते.

५. सरकवण्याचं द्रावण सूटच्या घोट्याशी आणि मनगटाशी, आतल्या बाजूला. उघड्या फोमच्या सूटमध्ये थोडं आत ओतून, बाहेरून दाबून सगळीकडे पसरू द्या.

६. पाय. आधी एक पाऊल पूर्ण बाहेर काढा, मग दुसरं. आता वर ओढायचं, पण इथे घाई नको. चिमूट नखांनी न धरता बोटांच्या पेरांनी कापड गोळा करा आणि थोडं थोडं वर सरकवा: पोटरी, गुडघा, मांडी. गुडघ्याची खळगी गुडघ्यामागेच आली पाहिजे.

७. जांघेत सूट पक्का बसला का ते पाहा. इथे दोन बोटांचीसुद्धा पोकळी राहिली तर ती पुढे खांद्याला खेचते, छाती आवळते, आणि माणसाला वाटतं सूट लहान झाला. खांद्याला अडलं तर खांदा ओढू नका. पुन्हा घोट्यापासून कापड वर चढवत या. या टप्प्यावर दिलेली दोन मिनिटं पुढची सगळी ओढाताण वाचवतात.

८. इथे थांबा. कमरेच्या वरचा भाग मोकळाच ठेवा आणि बोट डाइव्हच्या जागेजवळ येईपर्यंत वाऱ्यात बसा.

९. जागा जवळ आली की हात. बाही मनगटातून बाहेर आली की कोपर, मग दंड, मग काख. काखेतही पोकळी ठेवायची नाही.

१०. चेन सोबत्याकडून लावून घ्या. त्याने एका हाताने खालचं टोक घट्ट धरून दुसऱ्या हाताने चेन वर न्यायची. तुम्ही खांदे मागे घ्या, म्हणजे दोन्ही कडा जवळ येतात. केस आणि रॅश गार्डचं कापड चेनमध्ये येत नाही ना, हे त्याला बघायला सांगा. गळपट्टीचा वेल्क्रो नेमका वेल्क्रोवरच बसला पाहिजे. त्याची खरखरीत कड कातडीला लागली तर बामाचा काही उपयोग होत नाही.

११. हात धुऊन मगच मास्कला हात लावा.

तपासा: हात वर करा, मोठा श्वास घ्या, मान दोन्हीकडे वळवा. पाण्यात उतरल्यावर गळपट्टा जरासा ओढून थोडं पाणी आत घ्या. आतली हवा निघते, सूट अंगाला बसतो, आणि जिथे घासणार असेल ते तेव्हाच कळतं.

## टप्पा ७: काढणं

सगळे इथे घाई करतात आणि सूट इथेच फाटतो. ओला असतानाच काढा, सुकू देऊ नका. चेन उघडून खांदे सोडवा आणि हात उलटे करून सोलून काढा. मनगटाशी अडलं तर मोकळ्या हाताचा अंगठा काठाखाली घालून आधी तळवा बाहेर काढा, टाच काढतात तसा. पायही तसेच. सोबत्याला सूटचं टोक धरून जोरात ओढायला लावू नका, घोट्याची शिवण त्यानेच उसवते. अडला तर बादलीभर पाणी आत ओता.

## टप्पा ८: धुणं आणि वाळवणं

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, आधी आतून, मग बाहेरून. कंडिशनर किंवा जेल लावलं असेल तर पाणी निर्मळ येईपर्यंत. बाथरूमचा गरम पाण्याचा नळ नको, कोमटही नको, साधं पाणी घ्या. चेनच्या दातांतली वाळू धार सोडून काढा. सूटमध्ये लघवी झाली असेल (पुष्कळांना होते, लाजण्यासारखं काही नाही), तर सौम्य शाम्पूच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून पुन्हा खळबळा.

पिळू नका. हाताने दाबून पाणी काढा. उलटा करून, रुंद हँगरवर कमरेतून दुमडून टाका. खांद्याला टांगला तर पाण्याच्या वजनाने खांदे ताणतात. सावलीत, वारा खेळेल अशा जागी. गोव्यातल्या खोल्यांना बहुधा बाल्कनी असते, पण तिच्या कठड्यावर दुपारच्या उन्हात टाकू नका. उन्हाने निओप्रीन कडक होतं. गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. आतली बाजू सुकली की सुलटा करून बाहेरची सुकवा. दमट हवेत एका रात्रीत सुकत नाही. खोलीत पंखा लावून त्याखाली टांगला तर बराच फरक पडतो.

## टप्पा ९: परतीचा प्रवास

सूटपेक्षा आधी शरीराचा विचार करा. डाइव्ह केल्यावर लगेच उंचीवर गेलं की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सूचनेप्रमाणे, वर येताना मध्ये विश्रामाचे थांबे न लागणाऱ्या एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्ह केल्यावर किमान १८ तास, आणि थांबे घ्यावे लागलेल्या डाइव्हनंतर त्याहूनही जास्त वेळ थांबायचं असतं. ही सूचना सुमारे ६१० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होते.

विमान टाळून रात्रीच्या बसने निघणाऱ्यांना वाटतं आपली यातून सुटका झाली. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, चोर्ला घाट आणि बेळगाव त्याहून उंच. दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळी घाट चढणारी बस किंवा गाडी पकडली तर तुम्ही त्याच नियमाच्या कक्षेत येता. डाइव्हचा दिवस शेवटचा ठेवू नका, मध्ये एक दिवस जाऊ द्या. मुंबईकडे कोकण रेल्वेने निघालात तर गाडी सखल भागातून जाते, तो मार्ग त्या दृष्टीने बरा. पुण्याला जायचं असेल तर पुढे लोणावळ्याचा घाट आहे, हे हिशोबात धरा.

सूट ओला असतानाच निघावं लागलं, तर टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर दाब देऊन पाणी शोषून घ्या, सैल वळकटी करा, जाड पिशवीत घाला आणि पिशवीचं तोंड गच्च बांधू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी) घेतली असतील तर ती दुसऱ्या बॅगेत. निओप्रीनमध्ये एकदा सुक्या मासळीचा वास शिरला की तो कित्येक धुण्यांनंतरही निघत नाही.

घरी पोचल्याबरोबर पिशवी उघडा, सूट पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढा आणि पूर्ण सुकेपर्यंत टांगा. शिवणी आणि गुडघे उजेडात धरून पाहा. नखाची चंद्रकोरीसारखी चीर दिसली तर ती छोटी असतानाच निओप्रीनच्या गोंदाने जोडा. चेन धातूची असेल तर दातांवर मेणबत्ती हलकेच घासा, प्लास्टिकची असेल तर नुसती स्वच्छ ठेवली तरी पुरे. उरलेल्या कंडिशनरच्या पुड्या आणि ती पातळ पिशवी कोरडी करून सूटच्याच बॅगेच्या कप्प्यात ठेवा.